रिकामी गव्हाण बघवेना

डिसेंबर लागला की आमच्या घरात पेंढ्यावरून भांडणं सुरू होतात. भाताची झोडणी उरकलेली असते, पडवीत नव्या इंद्रायणीची पोती उभी असतात, खळ्यावरचा पेंढा उन्हानं तापलेला असतो, आणि माझी लेक जुई त्यातला सगळ्यात पिवळा, सगळ्यात मऊ पेंढा निवडून बाजूला ठेवते. तिचे आबा, म्हणजे माझे सासरे, नेमका तोच उचलून गाईला घालतात. मग रडारड.

"आबा, तो बाळ येशूचा होता!"

"मग काय झालं? गाय काय परकी हाय का त्याची?"

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पडवीत बसलेली असते, हिंजवडीतल्या कुणाशी तरी फार महत्त्वाचं काही बोलत असते आणि माझं अर्धं लक्ष त्या भांडणाकडे असतं. खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्तच. नाताळ म्हटलं की माझं लहानपणापासून हे असं होतं. अंगात येतं म्हणा ना. नोव्हेंबरच्या शेवटाला हवेत जरा गारठा आला, सकाळी कोळवणाच्या खोऱ्यात धुकं उतरून नदीच्या बाजूची झाडं दिसेनाशी झाली, की माझे हात शिवशिवायला लागतात. काहीतरी कापायचं असतं, चिकटवायचं असतं, तळायचं असतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी मी उतावळी बाई, दिवाळीचे कंदील उतरायच्या आतच चांदणीच्या कामट्या शोधत फिरते.

माझं माहेर श्रीरामपूरकडचं. आम्ही मराठी ख्रिस्ती. पुण्यातल्या मैत्रिणींना वाटायचं की नाताळ म्हणजे केक आणि चॉकलेट. अगं, आमचा नाताळ म्हणजे करंज्या! चकल्या, शंकरपाळ्या, अनारसे, सगळा फराळ, आणि मग त्याच्या शेपटाला केक. डिसेंबरात आमच्याकडे ऊसतोडीच्या गाड्या रस्ताभर चालायच्या, साखर कारखान्याचा मळीचा आंबूस गोड वास सगळ्या गावावर पसरलेला असायचा, आणि त्या वासात मम्मी स्टोव्हवर पातेल्यात वाळू तापवून केक भाजायची. झाकणावर निखारे ठेवायची. आजही कुठे मळीचा वास आला की माझ्या तोंडाला केकचं पाणी सुटतं. हे कुणाला सांगायची सोय नाही.

आणि पप्पांचा गोठा, येशू जन्मला त्याचा देखावा! पप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. वर्गात फळ्यावर रेघ वाकडी गेली तर पुसून पुन्हा ओढणारे. पुठ्ठ्याचा गोठा करताना छपराचा उतारसुद्धा पट्टीनं मोजायचे. येशूची आई मारिया एका बाजूला, तिचा नवरा योसेफ दुसऱ्या बाजूला, दोघंही गुडघ्यावर, मधे काड्यापेटीच्या खोक्यांची गव्हाण. ती गव्हाण मात्र नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. बाळ अजून जन्मलेलं नसतं ना! ते तोवर तांदळाच्या डब्यात, मम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. मी रोज डब्यात हात घालून ते आहे का बघायची. मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या उपासनेहून, आल्यावर पप्पा हात धुऊन ते काढायचे आणि ठेवायचे. फक्त पप्पा. घरातल्या मोठ्या माणसाचा तो मान. मी एकदा हट्ट केला होता तर म्हणाले, "तुझी पाळी येईल तेव्हा कळेल, मागून मिळत नाही ते."

मग मी लग्न करून कोळवणात आले.

निलेश आणि मी एकाच कंपनीच्या कॅबमध्ये भेटलो. माणच्या रस्त्यावर गाड्या अडकून पडायच्या तेव्हा आत तास तास बसून माणसं एकतर भांडतात नाहीतर लग्न करतात. आम्ही दोन्ही केलं. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं, मग जेवण. निलेशच्या घरचे शेतकरी लोक, देवधर्म मानणारे, पण त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. पप्पांचं अवघड होतं. लग्नात ते सगळ्यांशी अगदी गोड बोलले आणि ताटातली अर्धी पोळी तशीच ठेवून उठले. मला त्यांचं बोलणं आठवत नाही, ती अर्धी पोळी आठवते.

आणि त्या पहिल्याच डिसेंबरात कंपनीनं सुट्ट्या बंद केल्या. नवं काम ऐन नाताळात सुरू होणार होतं, त्यामुळे माहेरी जाणं नाही. मी फोनवर रडले. मम्मी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "बरंच झालं. पहिला नाताळ तिथंच कर. पहिल्या वर्षी तो घरात आला तर आला. पाहुण्यासारखा उंबऱ्यात उभा राहिला, तर पुढंही तिथंच उभा राहील. आणि उद्या लेकरं झाली की त्यांनाही तो पाहुणाच वाटेल. आम्हीच येतो चोवीस तारखेला. पप्पांना मी आणते."

झालं! माझ्या डोक्यात तेवढं एकच बसलं. नाताळ या घरात आला पाहिजे. उंबऱ्याच्या आत, चुलीपर्यंत. आणि पप्पांनी तो बघितला पाहिजे.

मम्मीनं ट्रॅव्हल्सच्या गाडीनं भलंमोठं खोकं पाठवलं. कोळवणात तेव्हा झोडणीची धांदल, अंगणात माणसं, पोती, धूळ. सासूबाईंनी खोक्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं! काय हाय गं ह्यात?"

मी एकेक काढत गेले. चांदणीच्या कामट्या, पतंगाचा कागद, केकचं पातेलं, मेंढरं, मेंढपाळ, मारिया, योसेफ. बाळ मी गुपचूप काढून घेतलं आणि तांदळाच्या पिंपात पुरलं. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मेंढरं हातात घेऊन बघत होत्या. एकाचा पाय मोडला होता. "ह्याला खुरी झाली व्हती वाटतं," म्हणाल्या. चेष्टा करतायत की खरंच म्हणतायत, ते मला तेव्हा ओळखू यायचं नाही. आता येतं. चेष्टाच होती.

करंज्यांना त्यांचा आक्षेप होता. "दिवाळी होऊन किती दिस झालं? परत करंज्या? पोटं हायेत का पोती?" असं म्हणत म्हणत सारण मात्र त्यांनीच परतलं, आणि खसखस मी घालते त्याच्या दुप्पट घातली. केक चुलीवर चढला तेव्हा शेजारपाजारच्या बायका बघायला जमल्या. आई त्यांना सगळं समजावून सांगत होत्या, जणू जन्मभर केकच भाजत आल्यात. फक्त मधेच हळूच माझ्या कानाशी येऊन विचारलं, "भाकरीसारखा उलटायचा नसतोय न्हवं?"

चांदणी आबांनी जांभळीच्या झाडावर चढवली. वायर गोठ्यातून ओढली. आमच्या भागात फार्महाऊस फार झालीत, आणि वर्षाअखेरीला त्या सगळ्यांवर रोषणाई असते. त्यात आमची चांदणी अशी काही उठून दिसायला लागली की दुसऱ्याच संध्याकाळी एक मोटार दारात येऊन थांबली. आत शहरातलं जोडपं. काच खाली करून त्यानं विचारलं, "काका, एखादी रूम मिळेल का आजच्यापुरती?"

आबा म्हणाले, "खोली न्हाई बा. गोठा हाय. चालंल का?"

मी पडवीच्या खांबाला धरून हसले, हसले, खाली बसले. आबांना कळेना सूनबाईला काय झालं. मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली. दिवस भरलेली बाई, खोली शोधत दारोदार फिरणारा नवरा, आणि शेवटी मिळालेला गोठा. आबा मोटार गेली त्या रस्त्याकडे बघत राहिले. "आरारा," म्हणाले, "थांबवाय पायजे व्हतं." ते जोडपं अगदी खुशाल होतं, त्यांना कसली अडचण नव्हती, हे आबांना पटवायला वेळ लागला.

आता गोठ्याचं. मी पुठ्ठे आणि कात्री घेऊन बसले होते, पप्पांसारखा उतार मोजत. आई आल्या, थोडा वेळ बघितलं, म्हणाल्या, "आगं, पुठ्ठ्याचा कशाला करतीस? खरा हाय की आपला."

खरंच की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमचा गोठा घराला लागूनच. एक गाय, तिचं वासरू, आणि भिंतीकडेला एक जुनी लाकडी गव्हाण, कडा बैलांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या. ट्रॅक्टर आला, बैल विकले, ती गव्हाण तेव्हापासून मोकळी. मोकळी म्हणायची, पण आई रोज संध्याकाळी गाईला वैरण घालताना त्यातही मूठभर पेंढा टाकायच्या. खाणारं कुणी नाही तरी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "रिकामी ठिवू न्हाई. शेतकऱ्याच्या घरात गव्हाण रिकामी म्हंजी कायतरी गेलंय घरातलं." सकाळी तोच पेंढा काढून गाईपुढे जायचा.

तीच गव्हाण त्यांनी मला दिली. मी तिथे मारिया आणि योसेफ मांडले, मेंढरं मांडली, मधे नव्या भाताचा पेंढा पसरला. आणि पप्पांच्या नियमाप्रमाणे मधली जागा रिकामी ठेवली. का ठेवली हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. जे आपल्याला जन्मापासून माहीत असतं ते जगाला माहीत असणारच असं आपण धरून चालतो.

चोवीस तारखेला पप्पा-मम्मी आले. ऊन उतरायला लागलं होतं. पप्पांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले, आणि विचारलं, "गोठा कुठे केलास?" त्यांना बाकी काही बघायचं नव्हतं. मला तरी कुठे दुसरं काही दाखवायचं होतं! मी त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेले.

गव्हाणीत पेंढ्यावर एक लाल खणाचा तुकडा अंथरलेला होता. आणि त्यावर पितळी बाळकृष्ण. रांगता, हातात लोण्याचा गोळा, समोर झेंडूचं फूल. एका बाजूला मारिया, दुसऱ्या बाजूला योसेफ, दोघंही गुडघ्यावर, त्याच्याकडे बघत असलेले.

पप्पांकडे बघायचा धीर होईना. मला ती अर्धी पोळी दिसायला लागली.

"हे कोणी ठेवलं?" पप्पांनी विचारलं. वर्गातला आवाज.

"मी ठिवलं गुरुजी." आई मागून येत होत्या, हाताला पीठ. "पोरगी बोलली न्हाई, पर माज्या ध्यानात आलं. ह्यांचं बाळ येताना कुटं पडलं, न्हाईतर फुटलं. आईबाप गुडघ्यावर बसल्यात, मेंढरं येऊन थांबल्यात, आन् मधी कायच न्हाई! बघवंना मला. तुमी येणार, तुमच्या म्होरं पोरीची मान खाली जायची. म्हटलं, माझं ठिवावं."

"तुमचं?"

"लग्नात माज्या बानं दिलेला. आता माहेरी कोण बी न्हाई ऱ्हायलं. येवढाच हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "देव्हाऱ्याभाईर कवा काढला न्हवता त्याला."

गाय रवंथ करत होती. मम्मीनं माझा दंड घट्ट धरला होता. मग पप्पांनी चपला काढल्या. त्या शेणामातीच्या गोठ्यात, स्वच्छ मोजे होते पायात. वाकून त्यांनी तो बाळकृष्ण दोन्ही हातांनी उचलला, खणासकट, आणि आईंच्या पिठाच्या ओंजळीत ठेवला.

"विहीणबाई, हे तुमच्या माहेरचं धन आहे, देव्हाऱ्यातच राहू द्या. आमचं बाळ हरवलेलं नाही. ते अजून जन्मायचंय. आम्ही वाट बघतो त्याची, म्हणून जागा मोकळी ठेवतो."

आईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "आगं बाई! मग आसं म्हणा की, दिवस भरल्यात तिचं! आन् मी इथं... आहो, मग पाणी नको का तापवाय?"

आणि पप्पा हसले. खो खो हसले, चष्मा काढून डोळे पुसले. त्या घरात ते पहिल्यांदाच हसत होते. मी पण हसत होते आणि रडत होते, आणि मम्मी म्हणत होती, "पुरे आता, गाय बुजेल."

मग पप्पा म्हणाले, "आमच्यात बाळ ठेवायचा मान घरातल्या मोठ्या माणसाचा. आजवर मी ठेवत आलो. इथं तुम्ही मोठ्या. तुम्ही ठेवा."

मी मम्मीकडे बघितलं, मम्मीनं माझ्याकडे. हा मान त्यांनी मला कधी दिला नव्हता. फादर जेवायला आले होते त्या वर्षी त्यांनाही दिला नव्हता.

दिवेलागणीला आम्ही सगळे गोठ्यात जमलो. मध्यरात्रीपर्यंत थांबायचं असतं, पण पप्पा म्हणाले, "खेड्यात बाळं घड्याळ बघून येत नाहीत." मी पिंपातून बाळ काढून आईंच्या हातात दिलं. पप्पांनी प्रार्थना म्हटली. आईंनी काय करावं? आधी चुलीवर हात शेकून आल्या होत्या. बाळ तळहातावर घेतलं, मानेखाली बोट दिलं, वाटीतलं कोमट तेल घेतलं आणि त्याची टाळू भरली. अगदी नीट, हळूहळू, गोल. "थंडीचं दिस हायेत," बाळालाच सांगत होत्या. "वाऱ्याचं हाय. टाळू भरल्याबिगार ठिवू न्हाई बाळाला." प्लॅस्टरच्या बाळानं तेल पिऊन टाकलं आणि त्याचं डोकं जावळ आल्यासारखं काळसर झालं. मग त्यांनी पेंढा चाचपून बघितला, एक टोचरी काडी काढून टाकली आणि बाळ ठेवलं. आणि मारियापुढे एक डिंकाचा लाडू. बाळंतिणीला करंजी चालत नाही म्हणून.

रात्रीच्या जेवणात पप्पांनी इंद्रायणीचा भात दोनदा मागून घेतला.

आता यातलं काय सासरचं, काय माहेरचं, हे मला नीट सांगताही येत नाही. जुईला तर मुळीच नाही. मागच्या नाताळात आम्ही पुण्याला चर्चमध्ये गेलो. ती तिथल्या मोठ्या गोठ्यापुढे उभी राहिली, बाळ निरखून बघितलं आणि फादरना मोठ्यानं विचारलं, "ह्याची टाळू कुणी भरली नाही?" फादर गोंधळले. मी खाली बघायला लागले. "आणि हिला लाडू पण नाही!" जुईच्या हिशेबी जगातले सगळे ख्रिस्ती लोक नाताळात बाळाच्या डोक्याला तेल लावतात आणि डिंकाचे लाडू खातात. मोठी होईल तेव्हा कुणीतरी तिला सांगेल की तसं नसतं. मी सांगणार नाही. मम्मी परवा फोनवर दबक्या आवाजात म्हणाली की पप्पाही हल्ली श्रीरामपूरला बाळाला तेलाचं बोट लावतात. विचारलं तर म्हणतात, रंग टिकतो.

पण यंदा, खरं सांगते, माझा जीव थोडा दमला होता. कामाचा रगाडा असा की घरी यायला रोज अंधार. त्या दिवशी जरा लवकर सुटले. येताना कॅबमध्ये मी मनाशी जुळवाजुळव करत होते, आईंना कसं सांगायचं की यंदा थोडक्यात करू. फराळ पिरंगुटातून विकत आणू, चांदणी तयार मिळते, गोठ्याचं बघू जमलं तर. वाईट वाटत होतं, पण माणसाला हात दोनच असतात. पौडला उतरले, निलेशच्या मोटारसायकलवर घरी आले. फाटकाशीच थांबले, कारण आत बोलणं चाललं होतं.

अंगणात आई सुपात खसखस निवडत बसल्या होत्या. पुढ्यात खोबरं किसून ठेवलेलं. जांभळीवर आबा चढलेले, खालून जुई त्यांना दम देत होती, "आबा, सरळ! सरळ लावा!" आणि शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत होत्या, "काय चाललंय एवढं? सुनंचा सण जवळ आला वाटतं?"

आईंनी सुपातून मान वर केली नाही.

"सुनंचा कशाचा? माझा हाय. सुनंला कुटं येळ हाय!"

निलेश हसायला लागला. मी त्याला गप्प केलं, बॅग पडवीत टाकली, हात धुतले आणि खोबऱ्याची परात पुढे ओढली.